दारावरचा पोचा: काढावा, भरावा की तसाच राहू द्यावा?

गळीत हंगाम सुरू झाला की निपाणी, संकेश्वर, चिक्कोडी या पट्ट्यातले रस्ते अरुंद होतात. हालसिद्धनाथ, हिरण्यकेशी, दूधगंगा-कृष्णा अशा कारखान्यांकडे निघालेल्या जोड ट्रॉल्या, दोन्ही अंगांनी बाहेर आलेला ऊस आणि त्यातूनच वाट काढणाऱ्या मोटारी. उसाने ओरखडा उमटतो, ट्रॉलीच्या कोपऱ्याने मात्र पत्रा आत जातो. बेळगावात याची कारणे निराळी. गणपत गल्लीत, रामदेव गल्लीत किंवा खडेबाजारात गाडी लावून थोड्या वेळाने परत यावे, तर कुणाच्या तरी दुचाकीचे हँडल दाराला टेकून गेलेले असते. टिळकवाडीच्या रेल्वे फाटकापाशी रांग हलली की मागचा घाई करतो आणि बंपर दबतो. उन्हाळ्याच्या शेवटी वळीव येतो तो कधी गारा घेऊन, कधी झाडाची फांदी टपावर टाकून.

मोटार ही या भागात आता केवळ पेढीवाल्यांची आणि बड्या बागायतदारांची वस्तू राहिलेली नाही. शाळामास्तर, फौंड्रीतला फोरमन, तंबाखूच्या वखारीतला दिवाणजी, दूध संस्थेचा सचिव यांच्या दारात ती उभी आहे आणि बहुतेकांचे हप्ते अजून चालू आहेत. त्यामुळे दारावर तळहाताएवढा पोचा दिसला की माणसाच्या पोटात कालवते. कुणी म्हणते, लगेच डेंटिंग-पेंटिंग करून घ्या. कुणी म्हणते, विम्यात घाला, तुमचे काय जाते. तर कुणी म्हणते, चार पोचे आल्याशिवाय गाडी आपली होत नाही, राहू द्या. तिन्ही सल्ल्यांत काही तथ्य आहे. तिन्हींची किंमतही वेगवेगळी आहे आणि ती केवळ पैशात मोजून भागत नाही.

आधी पत्र्याचे आणि रंगाचे पाहू, कारण निम्मा निर्णय तिथेच होतो. दाराचा बाहेरचा पत्रा पाऊण मिलिमीटरच्या आसपास जाड असतो. त्यावर कारखान्यात साधारणतः चार थर चढतात. सगळ्यांत खाली विजेच्या साहाय्याने पत्र्याला चिकटवलेला गंजरोधक थर, त्यावर प्रायमर, मग रंग आणि शेवटी पारदर्शक लॅकर. चारही थर मिळून जाडी भरते बहुधा 100 ते 150 मायक्रॉन. तळचा थर भाजला जातो तेव्हा गाडीत ना वायरिंग असते, ना सीट, ना प्लास्टिक. फक्त उघडा सांगाडा भट्टीतून जातो, त्यामुळे दीडशे अंशांच्या वरचे तापमान देता येते. तयार गाडी इतकी तापवता येत नाही. अधिकृत वर्कशॉपमधल्या चांगल्या पेंट बूथमध्येसुद्धा 60 ते 80 अंशांपर्यंतच जाता येते आणि रंग मुख्यतः हार्डनरच्या रसायनाने घट्ट होतो. नंतर चढवलेला रंग दिसायला हुबेहूब असू शकतो. पण पत्र्याला घट्ट धरून बसलेले ते पहिले चार थर एकदा घासून टाकले की जसेच्या तसे परत मिळत नाहीत.

आता पोच्याकडे वळू. लहान, उथळ, गोलसर पोच्यात पत्रा थोडाच ताणलेला असतो आणि रंग बहुतेक वेळा शाबूत असतो. आधुनिक लॅकर लवचीक असतो, तो पत्र्याबरोबर वाकतो. अशा पोच्यावर लांबी भरायची म्हणजे काय करायचे? शाबूत रंग घासून पत्रा उघडा करायचा, खळग्यात पॉलिएस्टर लांबी भरायची, ती वॉटर पेपरने सपाट करायची, प्रायमर मारायचा आणि रंग जुळावा म्हणून सबंध दार रंगवायचे. वेगळेपण दिसू नये म्हणून बऱ्याचदा शेजारच्या पॅनेलवरही रंगाची झाक न्यावी लागते. तळहाताएवढ्या खळग्यासाठी हातभर चांगला रंग जातो. हे करण्याआधी दहा वेळा विचार व्हावा, असे आमचे स्पष्ट मत आहे.

दुसरी बाजूही तितक्याच मोकळेपणाने मांडली पाहिजे. रस्त्याकडेचा डेंटर हा या भागातला मोठा आधार आहे. बेळगावात जुन्या पी. बी. रोडला, ऑटोनगरात, निपाणीत महामार्गालगत अशी छोटी गॅरेजे दिसतात. एक कॉम्प्रेसर, हातोड्यांचा संच, लोखंडी ठोकळे आणि टारपॉलिनची सावली एवढ्यावर ती चालतात. तिथे गाडी सकाळी सोडली तर संध्याकाळी मिळते आणि खर्च अधिकृत वर्कशॉपच्या मानाने बराच कमी येतो. त्यातल्या कितीतरी जणांचा हात खरोखर तयार आहे. मागून ठोकळा धरून पुढून हलक्या हातोडीने ताणलेला पत्रा बसवणे ही शिकाऊ पोराची कामगिरी नाही. घाव जरा जोरात पडला तरी पत्रा आणखी ताणतो आणि मग तो दाबला की आत जातो, सोडला की टक् करून बाहेर येतो. चांगला कारागीर पत्र्यावरून तळहात फिरवून उंचसखल ओळखतो, तिथे डोळ्यांचा उपयोग कमी.

बेळगावला हा हात नवा नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1888 मध्ये सायकलींचे दुकान काढले ते याच गावात. लोखंडी नांगराची घडण इथेच सुरू झाली आणि कारखाना 1910 मध्ये कुंडलच्या माळावर गेला, त्याची किर्लोस्करवाडी झाली. आज उद्यमबाग आणि मच्छे भागात फौंड्र्या आणि हायड्रॉलिक्सचे कारखाने आहेत, महामार्गावरच्या हत्तरगीजवळ विमानांचे सुटे भाग बनतात. धातूची जाण या मातीत भरपूर आहे.

मग बिघडते कुठे? पैसे मोजण्याच्या पद्धतीत. ग्राहक गॅरेजात जाऊन ‘एका दाराचे किती घेणार’ एवढेच विचारतो. पत्रा नीट ठोकून बसवायला दोन तास लागतात, त्यावर कागदाएवढी पातळ लांबी पुरते. अर्धवट ठोकून जाड लांबी थापायला अर्धा तास पुरतो. दोन्ही दारे पहिल्या दिवशी सारखीच चमकतात आणि दोन्हींचे पैसेही सारखेच मिळतात. मग कारागिराने दोन तास का घालवावेत? दोन-तीन मिलिमीटरपेक्षा जाड लांबी उन्हात आणि दार आपटल्याच्या धक्क्यांनी कडेने सुटते, तिच्यात ओल शिरते, आणि खानापूर-आंबोलीकडच्या पावसात नाहीतर गोव्याच्या खाऱ्या हवेत फिरणाऱ्या गाडीला वर्ष-दोन वर्षांत तिथे फोड येतात. ओल जिरली की खालचा पत्रा गंजायला लागलेला असतो. याचा दोष सगळा डेंटरवर टाकता येणार नाही. हाताच्या कामाचे पैसे नाकारणारे आपणही त्यात आहोत.

अधिकृत वर्कशॉपची बाजू वेगळ्या कारणांनी भक्कम आहे. तिथे रंगाचा कोड पाहून यंत्रावर रंग मिसळतात, धूळ नसलेल्या बूथमध्ये फवारतात, पक्के बिल देतात आणि गंजाबद्दलची कंपनीची हमी टिकवून ठेवता येते. मेटॅलिक किंवा मोतिया रंग उघड्यावर जुळवणे जवळपास अशक्यच असते. चंदेरी गाडीचे एकच दार दुपारच्या उन्हात निराळे दिसते, ते याच कारणाने. शिवाय नव्या गाड्यांच्या बंपरमागे सेन्सर आणि काहींत रडार असते. त्यावर जाड लांबी वा रंगाचे थर चढवले तर त्यांच्या कामात अडथळा येऊ शकतो. पण याच वर्कशॉपमध्ये पॅनेल दुरुस्त करण्यापेक्षा बदलण्याकडे कल असतो, कारण पत्रा ठोकायला वेळ आणि कसबी माणूस लागतो, नवे दार मात्र गोदामातून येते. नव्या दाराला प्रायमर असतो, रंग पुन्हा इथेच मारायचा असतो. बोल्टने बसणारे दार, बॉनेट, पुढचा फेंडर बदलणे निदान समजू शकते. मागच्या चाकावरचे पॅनेल तर सांगाड्याला स्पॉट वेल्डिंगने जोडलेले असते. साध्या पोच्यासाठी ते कापून बदला असे कुणी सुचवले, तर गाडी तिथून उचलून आणावी.

यापुढचा सल्ला असतो, ‘विम्यात घाला’. तो सर्वांत सहज दिला जातो आणि हिशेब न करता घेतला जातो, म्हणून इथे आकडे मांडू. समजा, गाडीच्या स्वतःच्या नुकसानीसाठीचा विमा हप्ता सवलतीआधी 8,000 रुपये आहे आणि सलग पाच वर्षे दावा न केल्यामुळे 50 टक्के नो क्लेम बोनस मिळतो आहे, म्हणजे भरायचे 4,000. आता दारासाठी 6,000 रुपयांचे बिल झाले आणि दावा लावला. 1,500 सीसीपर्यंतच्या गाडीला पहिले 1,000 रुपये मालकाने सोसायचे असतात. रंगकामाच्या एकत्रित बिलात चौथा हिस्सा साहित्याचा धरून त्यावर निम्मा घसारा कापतात, म्हणजे आणखी 750. हातात आले 4,250. पुढच्या नूतनीकरणात मात्र बोनस शून्य. मग दावा न करता एकेक वर्ष गेले की तो 20, 25, 35, 45 असा चढत पुन्हा 50 टक्क्यांवर येतो. दावा केला नसता तर दरवर्षी 50 टक्के मिळत राहिले असते. दोन्हींतला फरक 4,000, 2,400, 2,000, 1,200 आणि 400 असा जोडत गेले की बेरीज 10,000 होते. गाडीची किंमत दरवर्षी कमी होते तसा हप्ता उतरतो, त्यामुळे प्रत्यक्षात हा आकडा थोडा कमी भरेल. तरीही 4,250 मिळवण्यासाठी त्याच्या दुप्पट घालवल्यासारखेच झाले.

शून्य घसाऱ्याची जोड असेल तर ते 750 वाचतील, पहिले 1,000 वाचणार नाहीत. बोनस संरक्षणाची जोड वेगळी घेतली असेल तर हिशेब बदलतो, आणि गाडी नवी असून बोनस जमलाच नसेल तर दाव्याने फारसे गमावण्यासारखे नसते. दोन-तीन पॅनेल दबली असतील, दिवा फुटला असेल, बिल पंचवीस-तीस हजारांवर जात असेल तर दावा जरूर करावा. विमा त्यासाठीच असतो.

याच ठिकाणी एक वाईट सवय रूढ झाली आहे. गॅरेजवालाच सांगतो की दाराबरोबर मागचा जुना ओरखडा आणि पलीकडच्या फेंडरचा पोचाही एकाच दाव्यात बसवू. वेगवेगळ्या दिवशी झालेले नुकसान हे वेगवेगळे दावे असतात आणि प्रत्येकाला ती पहिली कपात लागते. सगळे एका अपघातात दाखवणे ही विमा कंपनीशी खोटे बोलण्याची गोष्ट आहे. त्यात सही मालकाची असते, हे गॅरेजवाला सांगत नाही.

सीमाभागात या सगळ्याला आणखी एक पदर आहे. निपाणीकराला कोल्हापूर चाळीस-एक किलोमीटर, बेळगाव त्याच्या जवळपास दुप्पट. गाडी केए-23, पण वर्कशॉप, नातेवाईक आणि खरेदी कोल्हापूरला. कोगनोळीचा टोलनाका ओलांडून दुसऱ्या राज्यात काम करून घेतले तर विमा चालेल का, तक्रार कुठे करायची, अशी धाकधूक अनेकांना असते. ती निराधार आहे. मोटार विमा देशभर लागू असतो आणि विमा नियामकही एकच आहे. विमा कंपनीला कळवून तिच्या यादीतल्या कोल्हापूरच्या वर्कशॉपमध्ये काम करून घेता येते. काम बिघडले तर 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने ग्राहकाला आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे जाता येते. कोल्हापुरात फसलेल्या निपाणीकराने कोल्हापुरात खेटे घालण्याची गरज नाही, बेळगाव जिल्ह्यात तक्रार करता येते. मात्र त्यासाठी हातात पक्के बिल हवे. वीस टक्के वाचवण्यासाठी कच्च्या चिठ्ठीवर काम करून घेणारा हा हक्क स्वतःच सोडून देतो.

काही पोचे या भूमीच्या वादानेही पाडले आहेत. 6 डिसेंबर 2022 रोजी हिरेबागेवाडी टोलनाक्यावर महाराष्ट्राची पासिंग असलेल्या ट्रकांवर दगडफेक झाली, त्याच सुमारास पुण्यात कर्नाटकच्या बसगाड्यांना काळे फासले गेले. दोन्हीकडे नुकसान झाले ते पोट भरायला रस्त्यावर आलेल्या माणसांच्या वाहनांचे. सर्वसमावेशक विम्यात दंगल, संप आणि हेतुपुरस्सर केलेली नासधूस यांचा समावेश असतो. अशा वेळी पोच्याचे फोटो काढून पोलिसांत नोंद करावी आणि दावा लावावा. सीमाप्रश्नावर आमचे मत काहीही असो, एमएच-09 च्या काचेवर किंवा केए-22 च्या दारावर दगड घालून तो पुढे सरकत नाही.

आता ज्या मार्गाकडे या भागात अजून फारसे लक्ष गेलेले नाही, त्याविषयी. रंगाला हात न लावता पोचा काढण्याची पद्धत मोठ्या शहरांत रुळली आहे. तिचे तत्त्व डेंटरच्या ठोकळ्याचेच, साधने नाजूक. दाराच्या काचेच्या फटीतून किंवा आतले अस्तर काढून लांब वाकड्या सळ्या आत घालतात आणि पोच्याच्या मागून, कडेपासून मध्याकडे, किंचित किंचित दाब देत पत्रा वर आणतात. समोर रेघांचा दिवा धरलेला असतो. पत्र्यात पडलेले त्याचे प्रतिबिंब सरळ झाले की पत्रा सरळ झाला. मागून हात पोचत नसेल तर खास गोंदाने प्लास्टिकची चकती चिकटवून बाहेरून ओढतात आणि वर आलेला उंचवटा नायलॉनच्या खुंटीने हलकेच खाली बसवतात. गारांनी टपावर आणि बॉनेटवर उमटलेल्या पन्नास लहान खड्ड्यांसाठी तर याहून योग्य उपाय नाही. लांबी लागत नाही, थिनर लागत नाही आणि कारखान्याचा रंग जागेवर राहतो.

या पद्धतीच्या मर्यादा लपवू नयेत. धारदार घडी पडलेला पोचा, दाराच्या अगदी कडेचा पोचा, आतल्या मजबुतीच्या दांड्यामागचा पोचा पूर्ण निघेलच असे नाही. ॲल्युमिनियमचे बॉनेट पोलादासारखे परत वळत नाही, त्याला फार जपून हात लावावा लागतो. रंग फुटला असेल तर ही पद्धत अपुरी पडते. आणि पॅनेल आधीच एकदा रंगवलेले असेल तर गोंदाने ओढताना नवा रंगच उचकटून येऊ शकतो. म्हणून लांबी-रंगाची घाई करणाऱ्याने हे ध्यानात घ्यावे की त्या एका कामाने पुढच्या प्रत्येक पोच्यासाठीची ही वाट धोक्याची होते. हेअर ड्रायरने तापवून बर्फ लावणे, रबरी पंप चिकटवून ओढणे असे घरगुती उपाय मोबाइलवर दिसतात. प्लास्टिकच्या बंपरवर गरम पाण्याचा थोडा उपयोग होतो, पोलादी दारावर बहुधा वेळ वाया जातो आणि कधी पोच्याभोवती नवी कड उठते.

रंगाचा विचार गाडीपुरताच ठेवून चालणार नाही, तो मारणाऱ्या माणसाचाही करायला हवा. आजच्या रंगांच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट नावाची रसायने असतात. फवारा मारताना त्यांचे तुषार आणि वाफ श्वासात गेली तर दमा जडू शकतो आणि एकदा जडला की थोड्याशा संपर्कानेही छाती भरते. तोंडाला बांधलेला रुमाल ती वाफ अडवत नाही. त्यासाठी बाहेरून स्वच्छ हवा पुरवणारा मुखवटा आणि हवा खेचून नेणारा बूथ लागतो. टारपॉलिनखाली उघड्यावर फवारणाऱ्या तरुणाकडे यातले काही नसते. पंचवीस वर्षांचा तो पोरगा दिवसाला तीन दारे रंगवतो, त्यातले एखादे दार फक्त आपल्या डोळ्याला खुपणाऱ्या बोटभर खळग्यासाठी असते. हा मुद्दा आम्हाला खर्चापेक्षाही मोठा वाटतो. रंगकाम बंद करा असे कुणी म्हणणार नाही, त्यावर घरे चालतात. पण जिथे गरज नाही तिथे तरी त्याच्या फुफ्फुसावर ओझे टाकू नये.

उरला तिसरा सल्ला, राहू द्या. त्याची टिंगल होते, तरी रंग शाबूत असलेल्या पोच्याबाबत तो पूर्णपणे शहाणपणाचा आहे. असा पोचा गंजत नाही, वाढत नाही, दाराच्या मजबुतीला काही करत नाही. जुनी गाडी विकताना पोच्यामुळे किंमत पडते हा आक्षेप येतो आणि तो काही अंशी खरा आहे. पण आता जाणकार खरेदीदार रंगाची जाडी मोजणारे यंत्र घेऊन येतात. मूळ रंगाचे दार 120 मायक्रॉन दाखवते, लांबी भरलेले त्याच्या कितीतरी पट. मग शंका पोच्याची राहत नाही, मोठ्या अपघाताची येते. साधे लोहचुंबक कापडात गुंडाळून पत्र्यावर फिरवले तरी जाड लांबीच्या जागी त्याची पकड सैल झालेली कळते. दिसणारा प्रामाणिक पोचा अनेकदा झाकलेल्या दुरुस्तीपेक्षा कमी घट आणतो.

रंग फुटून पत्रा दिसत असेल तर मात्र हयगय करू नये. पावसाळ्याच्या तोंडावर तर नाहीच. तिथे गंज आतून रंगाखाली पसरतो आणि आज हजारात होणारे काम पुढल्या वर्षी नव्या पॅनेलवर जाते. लगेच दुरुस्ती जमत नसेल तर निदान ती जागा स्वच्छ पुसून, कोरडी करून टचअपचा रंग लावून ठेवावा.

सगळे तोलून आमचा कौल असा आहे. रंग शाबूत असलेला लहान पोचा राहू द्यावा, किंवा डोळ्याला खुपतच असेल तर मागून दाब देऊन काढून घ्यावा. रंग फुटलेला पोचा वेळेवर आणि पक्क्या बिलावर दुरुस्त करावा, पत्रा ठोकण्याचे पैसे वेगळे ठरवून द्यावेत आणि लांबी भरण्याआधी ठोकलेला पत्रा दाखवा असे सांगावे. विमा मोठ्या नुकसानीसाठी राखावा.

बेळगाव-निपाणीच्या डेंटरांना आमची विनंती आहे की सळ्यांचे हे तंत्र शिकून घ्यावे. ठोकळ्यावर तयार झालेल्या हाताला ते परके नाही आणि त्यात थिनरचा वासही नाही. आयटीआयमध्ये मोटार बॉडी दुरुस्ती आणि बॉडी पेंटिंग हे एक-एक वर्षाचे अभ्यासक्रम राष्ट्रीय यादीत आहेत. सीमाभागातल्या संस्थांनी ते चालवावेत, त्यात हे तंत्र शिकवावे आणि रंगकामाच्या पहिल्याच तासाला विद्यार्थ्याच्या हाती योग्य मुखवटा द्यावा. वाचकांना एवढेच सांगणे की या हंगामात ट्रॉलीचा कोपरा लागलाच, तर गॅरेजात ‘किती घेणार’ हे विचारण्याआधी ‘रंग न काढता निघेल का’ हे विचारा.